छोट्या ऑफिसचा कॉम्प्युटर सपोर्ट आपल्याच माणसाकडे द्यायचा, तर कोणतं प्रशिक्षण? पाच पर्यायांचा तुलनात्मक आढावा

पाच ते पंचवीस कॉम्प्युटरच्या ऑफिसला पूर्णवेळ आयटीचा माणूस परवडत नाही. बारीकसारीक तक्रारीला दर वेळी बाहेरचा तंत्रज्ञ बोलवावा, तर तो येईपर्यंत काम खोळंबतं. म्हणून हिशेब, खरेदी किंवा प्रशासन बघणाऱ्या एखाद्या चौकस कर्मचाऱ्यालाच शिकवून तयार करायचं ठरतं. हा निर्णय बहुतेक वेळा योग्यच असतो. गडबड होते ती पुढच्या पायरीवर. कोर्स निवडताना ऑफिसची गरज बाजूला राहते आणि प्रमाणपत्राचं नाव बघून पैसे भरले जातात.

या आढाव्यात आम्ही असं ऑफिस गृहीत धरलंय: विंडोजवर चालणारी मशीन, एक राउटर, एक-दोन प्रिंटर, क्लाउडवरची मेल आणि आपलं मूळ काम सांभाळून रोज एखादा तास शिकू शकणारा एक माणूस.

आधी तक्रारींची नोंद

कोर्सची माहितीपत्रकं चाळण्याआधी चार आठवडे एक साधी शीट भरा. तारीख, कोणाची तक्रार, स्क्रीनवर नेमका कोणता संदेश आला, काम किती वेळ थांबलं आणि शेवटी कशामुळे सुटलं, एवढे रकाने पुरेत. संदेश जसाच्या तसा लिहायला सांगा. ‘नेट चालत नाही’ या तीन शब्दांआड वायफाय तुटलंय, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) उत्तर देत नाही, की फक्त एकच वेबसाइट बंद आहे, हे कळत नाही.

महिन्याअखेरीस या नोंदी सहा गटांत वाटा: खाती आणि पासवर्ड, प्रिंटर-स्कॅनर, इंटरनेट-वायफाय, मेल, विंडोज आणि इतर सॉफ्टवेअर, हार्डवेअर. आजच्या बहुतेक ऑफिसांत हार्डवेअरचा गट सगळ्यात लहान भरतो आणि खाती, मेल, प्रिंटर हे तीन गट भरभरून वाहतात. तुमचं चित्र वेगळं असेल तर निवडही वेगळी होईल, म्हणून ही पायरी गाळू नका.

या शीटमध्ये आपणहून न येणारी चार कामं स्वतः लिहून ठेवा: बॅकअप, नोकरी सोडून जाणाऱ्याचं खातं बंद करणं, अपडेट आणि डोमेनचं, म्हणजे वेबसाइट-मेलच्या नावाचं, नूतनीकरण. यांच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, पण धंदा बंद पडतो तो यांच्यामुळेच. डोमेनची मुदत संपली की वेबसाइट आणि मेल दोन्ही एकदम जातात, आणि त्या डोमेनचं खातं दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाच्या खासगी मेलवर निघतं.

एका नजरेत

| पर्याय | भक्कम बाजू | काय राहून जातं |
|---|---|---|
| कॉम्पटिया ए प्लस | हार्डवेअर ते सुरक्षा, सगळ्याची पुरेशी ओळख. छोट्या ऑफिसच्या नेटवर्कचा थेट समावेश | मेल आणि क्लाउड खात्यांचं रोजचं प्रशासन |
| गूगल आयटी सपोर्ट प्रमाणपत्र | नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं ‘का’ नीट कळतं | प्रत्यक्ष मशीनवरचा हात, प्रिंटर |
| मायक्रोसॉफ्ट लर्न आणि एमडी-१०२ | खाती, परवाने, उपकरणांवरचं नियंत्रण | केबल, राउटर, हार्डवेअर |
| क्लासमधला हार्डवेअर-नेटवर्किंग कोर्स | स्क्रूड्रायव्हर आणि क्रिम्पिंग टूल (केबलला टोक बसवणारं) हातात येतं | अभ्यासक्रम जुना असण्याचा धोका |
| सिस्को सीसीएनए | स्विचिंग आणि राउटिंगचं खोल ज्ञान | छोट्या ऑफिसच्या बहुतेक तक्रारी |

कॉम्पटिया ए प्लस

कॉम्पटिया ही आयटीची प्रमाणपत्रं देणारी संस्था. तिच्या ए प्लसमध्ये दोन परीक्षा असतात आणि दोन्ही उत्तीर्ण झाल्यावरच प्रमाणपत्र मिळतं. चालू आवृत्ती २२०-१२०१ आणि २२०-१२०२ ही मार्च २०२५ मध्ये आली. आधीची ११०१-११०२ ही जोडी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली, तरी त्या जोडीची पुस्तकं आणि व्हिडिओ स्वस्तात विकले जातात. घेण्याआधी क्रमांक बघा. प्रत्येक परीक्षा ९० मिनिटांची आणि जास्तीत जास्त ९० प्रश्नांची असते. गुणांची पट्टी १०० ते ९०० अशी आहे. पहिल्या परीक्षेत ६७५ आणि दुसरीत ७०० गुण लागतात. काही प्रश्न पर्यायी नसतात, समोर दिलेलं काम करून दाखवावं लागतं. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

पहिल्या भागात मोबाइल उपकरणं, नेटवर्क, हार्डवेअर, व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनवर आभासी मशीन चालवणं) आणि क्लाउड, शिवाय हार्डवेअर आणि नेटवर्कमधला दोष शोधणं येतं. दुसऱ्यात ऑपरेटिंग सिस्टिम, सुरक्षा, सॉफ्टवेअरमधले दोष आणि कामाची शिस्त. हा शेवटचा विषय लोक घाईत उरकतात, तो उरकू नका. तक्रारीची नोंद कशी ठेवायची, बदल करण्याआधी परतीची वाट कशी राखायची, पूर्ण, इन्क्रिमेंटल (मागच्या बॅकअपनंतरचे बदल) आणि डिफरन्शियल (मागच्या पूर्ण बॅकअपनंतरचे बदल) बॅकअपमध्ये फरक काय, हे सगळं त्यातच आहे. दोष शोधण्याची सहा पायऱ्यांची रीतही इथेच पक्की होते: समस्या नेमकी ओळखा, कारणाचा अंदाज बांधा, तो तपासा, उपाय ठरवून करा, सगळं पूर्ववत चालतंय का ते बघा, लिहून ठेवा. एकट्याने सपोर्ट बघणाऱ्याला या रीतीचा जेवढा उपयोग होतो, तेवढा कुठल्याच एका तांत्रिक युक्तीचा होत नाही.

परीक्षा द्यावीच का? त्या माणसाला पुढे याच क्षेत्रात जायचं असेल, किंवा एखाद्या मोठ्या ग्राहकाने लेखी पुरावा मागितला असेल, तर द्यावी. नुसतं ऑफिस सांभाळायचं असेल तर अभ्यासक्रम पूर्ण करा आणि परीक्षेचे पैसे चांगल्या बॅकअप ड्राइव्हमध्ये घाला. परीक्षेची विषयसूची कॉम्पटियाच्या साइटवर मोफत मिळते; तीच छापून प्रत्येक मुद्द्यापुढे ‘करून पाहिलं’ अशी खूण करत जायचं.

गूगल आयटी सपोर्ट

२०१८ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर सुरू झालेल्या या प्रमाणपत्राचा गाभा पाच कोर्सचा आहे: तांत्रिक सपोर्टचा पाया, नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन आणि सुरक्षा. शुल्क महिन्याच्या वर्गणीचं, म्हणजे रेंगाळलं की खर्च वाढतो. आठवड्याला दहा तासांच्या आत वेळ दिला तर साधारण तीन ते सहा महिने लागतात. शेवटी देखरेखीखालची परीक्षा नाही, आणि कोर्सची कमजोरी इथेच आहे: प्रश्नमंजूषा पुन्हा पुन्हा सोडवून पुढे सरकता येतं. वरिष्ठाने महिन्यातून एकदा समोर बसून ‘हे आपल्या राउटरवर दाखव’ असं म्हटलं नाही, तर प्रमाणपत्र हाती येतं, पण कामाची सवय लागत नाही.

नेटवर्किंगचा कोर्स मात्र फार चांगला आहे. पत्ता कोण देतं, नाव पत्त्यात कसं बदलतं, एखादं पॅकेट ऑफिसबाहेर कसं पडतं, हे तो घाई न करता समजावतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोर्समध्ये विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी चालतात. नासवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीवर, फाइल्स ठेवणाऱ्या ऑफिसला लिनक्सची ओळख कामी येते, बाकीच्यांनी तो भाग वरवर वाचला तरी चालेल.

नावावरून एक गैरसमज होतो. तुमची मेल गूगल वर्कस्पेसवर असेल, तर तिचं प्रशासन शिकवण्यासाठी हा कोर्स नाही. वर्कस्पेसच्या ॲडमिन कन्सोलची माहिती गूगलच्या मदत-पानांवरून आणि स्वतंत्र प्रशिक्षणातूनच घ्यावी लागते.

मायक्रोसॉफ्टचा मार्ग

मायक्रोसॉफ्ट लर्न या साइटवरचे धडे मोफत आहेत. एमडी-१०२ ही परीक्षा उपकरणांचं व्यवस्थापन करणाऱ्यांसाठी आहे. हजारपैकी ७०० गुण लागतात, आणि प्रमाणपत्राचं नूतनीकरण दर वर्षी घरबसल्या, विनाशुल्क होतं. या परीक्षेचा बराचसा भार इन्ट्यूनवर आहे, म्हणजे एका जागेवरून सगळ्या मशीनवर नियम लावणारी सेवा. तुमच्या परवान्यात इन्ट्यून नसेल तर अर्धा अभ्यास हवेत राहतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस परवान्यांपैकी प्रीमियममध्ये ती येते, बेसिक आणि स्टँडर्डमध्ये नाही. म्हणून आधी आपला परवाना तपासा.

परीक्षा सोडून दिली तरी खात्यांचे धडे सोडू नका. एक माणूस नोकरी सोडून गेला, एवढाच प्रसंग घ्या. घाईत त्याचं खातं थेट उडवलं जातं आणि दोन महिन्यांनी ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार हवा असतो. उडवलेलं खातं साधारण ३० दिवसांपर्यंतच परत आणता येतं. योग्य क्रम असा: आधी साइन-इन बंद करायचं, मग सगळीकडची चालू सत्रं तोडायची (नाहीतर त्याच्या फोनवर मेल काही वेळ उघडी राहते), मेल परस्पर बाहेर पाठवणारा नियम लावलेला नाही ना हे बघायचं, वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड साठवणुकीतल्या) फाइल्सचा ताबा वरिष्ठाकडे द्यायचा, मेलबॉक्स सामायिक प्रकारात बदलायचा आणि सगळ्यात शेवटी परवाना काढायचा. सामायिक मेलबॉक्सला ५० जीबीपर्यंत वेगळा परवाना लागत नाही. मेलबॉक्स बदलण्याआधीच परवाना काढला, तर मेल नाहीशी होण्याचं घड्याळ चालू होतं. ए प्लस किंवा गूगलचा कोर्स केलेल्या माणसाला हा क्रम ठाऊक नसतो, कारण ही माहिती त्या एका सेवेपुरती असते.

याच मार्गावर आणखी दोन गोष्टी पहिल्या आठवड्यात शिकून लावा: सर्वांना दोन टप्प्यांचं साइन-इन, आणि ग्लोबल ॲडमिनचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार असलेली किमान दोन खाती. एकच ॲडमिन खातं असेल आणि त्या माणसाचा फोन हरवला, तर अख्खं ऑफिस कुलूपबंद होतं.

क्लासमधला हार्डवेअर-नेटवर्किंग कोर्स

केबल ओढायच्या आहेत, जुन्या मशीनमध्ये एसएसडी (वेगवान डिस्क) टाकायच्या आहेत, रॅम वाढवायची आहे, तर शिक्षक शेजारी उभा असण्याला पर्याय नाही. व्हिडिओ बघून क्रिम्पिंग येत नाही. उदाहरण घ्या. आरजे-४५ मध्ये, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकात, टी-५६८-बी या मांडणीचा तारांचा क्रम आहे पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. म्हणजे हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर बसते. नवशिका सोपं म्हणून चारही जोड्या ओळीने, एकदोन, तीनचार, पाचसहा अशा लावतो. साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात आणि केबल पास होते. प्रत्यक्षात एकमेकींच्या जोडीदार नसलेल्या तारा मिळून सिग्नल वाहू लागतात, जोडीला पीळ असण्याचा फायदा जातो, आणि लांब केबलवर वेग पडतो किंवा कनेक्शन तुटत राहतं. दुसरा दोष ओळखायला सोपा: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एक तार नीट दाबली गेली नाही की कनेक्शन बहुधा १०० वर उतरतं. काम चालू राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, फक्त मोठ्या फाइल्स रखडतात. हे दोन्ही दोष दाखवून देणारा शिक्षक भेटला तर तो क्लास घ्या.

पैसे भरण्याआधी एक तास वर्गात बसू द्या म्हणावं, आणि हे विचारावं: कोणत्या विंडोजवर शिकवता? विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) कशी चालू करायची, हे दाखवता का? सॅटा आणि एनव्हीएमई या दोन प्रकारे जोडल्या जाणाऱ्या एसएसडीमधला फरक प्रत्यक्ष हाताळायला मिळतो का? बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) लावलेल्या डिस्कचं काय करायचं? प्रत्येकाला स्वतंत्र मशीन आहे का? या उत्तरांवरून अभ्यासक्रम किती जुना आहे ते लगेच कळतं. वर्गातलं सॉफ्टवेअरच बेकायदा असेल तर तिथून उठावं, कारण तीच सवय तुमच्या ऑफिसात येईल आणि क्रॅकसोबत व्हायरसही येईल.

सीसीएनए

सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीची, २००-३०१ क्रमांकाची, १२० मिनिटांची परीक्षा. प्रमाणपत्र तीन वर्षांचं. अभ्यास उत्तम आणि खडतर. पण ज्या ऑफिसात एक राउटर आणि एक स्विच आहे, तिथे ओएसपीएफ, म्हणजे अनेक राउटरांनी आपसात वाटा ठरवण्याची रीत, शिकून करायचं काय? पाहुण्यांचं वायफाय किंवा सीसीटीव्ही ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं करायचं असेल, तर व्हीलॅन (एका नेटवर्कचे वेगळे भाग करणं) आणि सबनेटिंग (पत्त्यांचे गट पाडणं) एवढाच भाग सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या मोफत कोर्समधून आणि पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सराव-सॉफ्टवेअरवर शिकता येतो. अनेक शाखा एकमेकींना जोडायच्या असतील, तरच पूर्ण सीसीएनएचा विचार करा.

एकच तक्रार घेऊन तुलना

‘प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय.’ प्रिंटर चालू आहे, कागद आहे, काल छापत होता.

प्रिंटरच्या पॅनेलवरून कॉन्फिगरेशन पान छापा आणि त्यावरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघा. मग कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ टॅबवरचा पत्ता बघा. दोन्ही वेगळे असतील, तर राउटर बंद-चालू झाल्यावर डीएचसीपीने (राउटरमधली पत्ते वाटणारी सोय) प्रिंटरला नवा पत्ता दिलाय. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल किंवा वायफाय तपासा. दोन्ही पत्ते सारखे आहेत, पिंगला (प्रिंटरपर्यंत पोहोचता येतंय का ते बघणारी आज्ञा) उत्तरही येतंय, तरी ऑफलाइन? मग पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची (प्रिंटरची स्थिती विचारणारी) खूण काढून बघा, त्या चौकशीला प्रिंटरने उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला ऑफलाइन समजतं. पोर्ट डब्ल्यूएसडी (प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या) प्रकारचा असेल तर तो बदलून साधा टीसीपी-आयपी पोर्ट करा. एखादं काम रांगेत अडकलं असेल तर प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी) सेवा थांबवून त्याचा फोल्डर रिकामा करायचा आणि सेवा पुन्हा चालू करायची.

कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्याला (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) एक आयपी राखून ठेवणं. प्रिंटरवरच हाताने पत्ता टाकायचा असेल तर तो डीएचसीपीच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा हवा. नाहीतर तोच पत्ता एखाद्या दिवशी कोणाच्या लॅपटॉपला मिळतो आणि प्रिंटर कधी चालतो, कधी नाही.

क्लासमधून आलेला बहुतेकदा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो. त्या खटाटोपात नवा पत्ता सापडतो, प्रिंटर चालू होतो, आणि राउटर पुढच्या वेळी बंद पडला की तक्रार परत येते. गूगलचा कोर्स केलेल्याला डीएचसीपी चोख कळतं, पण पोर्ट्स टॅब त्याने पाहिलेला नसतो. मायक्रोसॉफ्टच्या मार्गावर ऑफिसातला हा प्रिंटर येतच नाही. सीसीएनएवाला राउटरची बाजू क्षणात सोडवतो, विंडोजच्या बाजूला चाचपडतो. ए प्लसच्या अभ्यासात प्रिंटर आणि पत्ता राखून ठेवणं, दोन्ही आहे.

मग निवड काय?

आमचं मत स्पष्ट आहे. वर धरलेल्या ऑफिससाठी ए प्लसचा अभ्यासक्रम कणा म्हणून घ्या, परीक्षेविना चालेल. त्यातलं नेटवर्किंग डोक्यावरून जात असेल तर गूगलचा तेवढा एक कोर्स जोडा. समांतर, अगदी पहिल्या महिन्यापासून, तुमची मेल ज्या सेवेवर आहे तिचे खाती आणि सुरक्षेचे धडे करा. हा क्रम उलटा करू नका. पायाभूत अभ्यास संपेपर्यंत खात्यांची सुरक्षा थांबवून ठेवणं धोक्याचं आहे, कारण हल्ला मेलच्या दारातूनच येतो. रोज तासभर दिला तर चार ते सहा महिने धरा.

नोंदींमध्ये केबल आणि जुनी मशीन यांचाच भरणा असेल, तर आधी चांगला क्लास आणि मग ए प्लसचा दुसरा भाग. सगळं काम ब्राउझरमध्येच चालत असेल, तर मायक्रोसॉफ्ट लर्न किंवा वर्कस्पेसचं प्रशिक्षण पुढे आणा, हार्डवेअर पाठीमागे ठेवा.

सरावाला एक जुनं पण १६ जीबी रॅमचं मशीन बाजूला काढून द्या. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स हे आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर टाका. विंडोज एंटरप्राइझची ९० दिवसांची आणि विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती मायक्रोसॉफ्ट मोफत देतं. मुद्दाम चुकीचा डीएनएस टाका, युजर प्रोफाइल उडवा, स्टार्टअप बिघडवा आणि दुरुस्त करा. चालू हिशेबाच्या मशीनवर सराव करू देऊ नका.

काही कामं प्रशिक्षणानंतरही बाहेरच ठेवावीत. टकटक आवाज करणारी हार्ड डिस्क चालू-बंद करत बसलं तर उरलेला डेटाही जातो. ती लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायची. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर मशीन नेटवर्कवरून तोडायचं आणि तज्ज्ञाला बोलवायचं. फायरवॉलची पहिली मांडणीही अनुभवी माणसाकडून करून घ्या, तिचा पासवर्ड मात्र ऑफिसकडे राहू द्या.

तीन महिन्यांनी प्रमाणपत्र न बघता पाच कामं समोर करून घ्या: नवीन माणसाचं खातं परवाना आणि दोन टप्प्यांच्या साइन-इनसकट अर्ध्या तासात तयार करणं, प्रिंटरला पत्ता राखून ठेवणं, एखाद्या लॅपटॉपची बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की शोधून दाखवणं, मेल स्पॅममध्ये जात असेल तर डोमेनच्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क नोंदी (मेल खरंच आपल्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या) तपासणं, आणि कालच्या बॅकअपमधून हिशेबाची फाइल दुसऱ्या मशीनवर आणून उघडून दाखवणं. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हची सिंक झालेली प्रत यात धरू नका. इकडची फाइल बिघडली की तिकडचीही बिघडते, आणि जुन्या आवृत्त्या कायम ठेवल्या जात नाहीत. बॅकअपचा नियम असा: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, त्यातली एक प्रत ऑफिसबाहेर, आणि बाहेरची ती प्रत एरवी कोणत्याही मशीनला जोडलेली नसावी.